पन्नास पुंगळ्या, एक कडी

हेग्लंड रँच, जुडिथ खोरं, मॉन्टाना
९ मार्च १९८५

प्रिय सेल्मर,

सख्ख्या भावाच्या, ऑरिनच्या, अंत्यविधीला तू आलास, सगळ्यात मागच्या बाकावर बसलास आणि कॉफीसुद्धा न पिता बसस्टँडवर निघून गेलास. मंडळी म्हणाली, हेग्लंडांचं रक्तच थंड. मी म्हटलं, रक्ताचं माहीत नाही, पण त्याने आमच्या चर्चच्या तळघरातली कॉफी पूर्वी प्यायलेली असणार.

दोन महिने झाले. विधवेने काय करायचं असतं हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त मला नाही. गोधडीमंडळाने माझं नाव परस्पर घालून टाकलं. मी दोन मंगळवार गेले. आठ बायका, एक गोधडी, आणि जी आली नसेल तिच्याबद्दल गप्पा. तिसऱ्या मंगळवारी मी गेले नाही, म्हणजे त्या दिवशी गोधडी भराभर पुरी झाली असेल.

त्याच मंगळवारी मी शेड उघडली. तुला शेड आठवत असेल, ती मूळची तुझीच. लग्न होऊन मी इथे आले तेव्हापासून तिच्या दाराला आतून कडी. ऑरिन संध्याकाळी आत जायचा, कडी लागल्याचा आवाज यायचा, आणि पुढचे दोन तास माझा नवरा दुसऱ्या देशात असायचा. छत्तीस वर्षांत त्याने मला एकदाही आत बोलावलं नाही. मीही विचारलं नाही. तुम्ही हेग्लंड अबोल म्हणून प्रसिद्ध, पण माझ्या माहेरची मंडळीही हट्टात कमी नाही.

आत काय असेल याच्या मी किती कल्पना केल्या होत्या! निघालं काय, तर एक बाक, बाकाला बोल्टने आवळलेलं लांब दांड्याचं दाबयंत्र, पितळी तराजू, आणि फळीवर काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांच्या बरण्या. बायका जशी मुरांब्यांची फळी लावतात तशी. पश्चिमेच्या खिडकीतून चार वाजता ऊन आत येतं आणि त्या सगळ्या पुंगळ्या एकदम पेटल्यासारख्या दिसतात. मी स्टुलावर बसून राहिले. ऊन गेलं तेव्हा कळलं की दोन तास मीही त्या दुसऱ्या देशात होते.

मला काडतुसं भरायला शिकायचं आहे. हसू नकोस. गोधडी म्हणजे तुकडे आणि मोजणी, हेही तुकडे आणि मोजणी. फरक इतकाच की इथे मध्ये कोणी गप्पा मारत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बाकावर एक पेटी सापडली, वीस काडतुसांची, बहुतेक ऑरिनने शेवटची भरलेली. तिच्यावर चिठ्ठी नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस शिकारीचा हंगाम उघडेल तेव्हा त्याच्या टेकडीवर बसून ती मी उडवणार आहे. आणि बाकाच्या वर, खिळ्याला लाल दोऱ्याने एक काडतूस टांगलेलं आहे, काळं पडलेलं. कानाजवळ हलवलं तर आवाज नाही. हे काय आहे?

फोन करू नकोस. आमच्या सामाईक लाइनवर अर्धं गोधडीमंडळ कान लावून असतं.

एल्विना


अ‍ॅस्टोरिया, ऑरेगन
२० मार्च

प्रिय एल्विना,

फोन कुठून करू, माझ्याकडे फोन नाही. खोलीला एक खिडकी आहे, तिच्यात बंदर आहे, आणि बंदरात धुकं. काही दिवस फक्त भोंगा ऐकू येतो, बोट दिसत नाही. त्यामुळे सगळ्याच बोटी सुंदर असतील असं समजून चालता येतं.

आधी महत्त्वाचं. ती पेटी उडवायची नाही. भरणारा कितीही सज्जन असो, चिठ्ठी नसलेली पेटी उडवायची नसते. चिठ्ठीवर तारीख, भुकटी कोणती, किती, गोळी कोणती, एवढं हवं. ते नसेल तर आत काय आहे हे फक्त मेलेल्या माणसाला माहीत असतं, आणि तो सांगायला येत नाही. पेटी बाजूला ठेव.

शिकायचंच असेल तर शीक. मी काही पाठवत नाही, सगळं तिथे आहे. फळीवर जाडं पुस्तक असेल, त्यात लिहिलेलंच माप वापरायचं, आणि तेही सगळ्यात खालचं. शेजारी-पाजारी, हार्डवेअरवाला, पाद्री, कोणीही 'आम्ही तर एवढं घालतो' म्हणाला तर मान डोलवायची आणि घरी येऊन पुस्तक उघडायचं. बाकावर एका वेळी भुकटीचा एकच डबा. दुसरा डबा फळीवर नाही, शेजारच्या टेबलावर नाही, कपाटात बंद.

पहिला महिना भुकटीला हातच लावू नकोस. पुंगळ्या धू, पूस, साच्यातून काढून मूळ मापाला आण, लांबी माप. कंटाळा आला तर हे काम आपलं नाही असं समज. कंटाळ्यातच झोपेसारखं काही मिळालं, तर आपलं आहे.

खिळ्यावरच्या काडतुसाचं मला माहीत नाही. पुरुष शेडमध्ये काय वाटेल ते टांगतात. खराब पोलादाच्या एका रायफलीपायी एकोणपन्नास साली माझा डोळा गेला, तेव्हापासून मी दाबयंत्राला हात लावलेला नाही. जे सांगतोय ते सगळं आठवणीतलं.

सेल्मर


हेग्लंड रँच
१४ एप्रिल

प्रिय सेल्मर,

पुंगळी साच्यात अडकली.

आता हसून घे. पुस्तकात लिहिलंय की साच्यात घालण्यापूर्वी पुंगळीला बोटाने तेलाचा हलका हात लावायचा. मी लावला होता. अकरा पुंगळ्यांना. बाराव्या वेळी खिडकीबाहेर हंस गेले, उत्तरेकडे, इतके खाली की पंखांचा आवाज ऐकू आला. मी तशीच कोरडी पुंगळी आत घालून दांडा ओढला. तो खाली गेला आणि तिथेच राहिला. मी दांड्याला लोंबकळले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, एप्रन लावलेली, दांड्याला लोंबकळतेय, हे पाहायला कोणी नव्हतं याबद्दल त्या कडीचे प्रथमच आभार मानले. हो, मीही कडी लावते. का लावते ते कळत नाही, पण लावल्याशिवाय आत आल्यासारखं वाटत नाही.

साचा घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेले. तिथला एम्मेट क्विग्ली म्हणाला, "एल्विना, हे बायकांचं काम नव्हे."

मी म्हटलं, "खरंय. तेल लावायचं विसरणं हे पुरुषांचं काम. पण घरात पुरुष उरला नाही, तर तेही मलाच करावं लागलं."

तो म्हणाला, "आम्ही सगळेच एकदा अडकवतो." मग त्याने गुपचूप भोक पाडून, स्क्रू घालून ती ओढून काढली आणि म्हणाला, "ऑरिनची तीनदा अडकली होती. सांगू नकोस कोणाला."

कोणाला सांगणार? ज्याला चिडवायचं तो गेला. छत्तीस वर्षांचं भांडवल, आणि मला मिळालं एप्रिलमध्ये.

भुकटीचं सांग आता. महिना होत आला. झोपेसारखं काही मिळतंय.

एल्विना


अ‍ॅस्टोरिया
२३ एप्रिल

प्रिय एल्विना,

मी हसलो. खालच्या मजल्यावरच्या फिनलंडच्या म्हातारीने काठीने छत ठोकलं. या घरात माझं हसू तिने पहिल्यांदाच ऐकलं असेल, तिला वाटलं नळ फुटला.

आता नीट वाच, पुढचं हसण्यासारखं नाही.

पन्नास पुंगळ्या लाकडी फळीच्या भोकांत उभ्या करायच्या, तोंड वर. भुकटी तराजूवर तोलायची. तराजूची दांडी हलते, हलते, मग ठरते. तिला ठरू दे. जगात घाई न करणारं तेवढं एकच माणूस आहे. मग डावीकडून उजवीकडे, एक पुंगळी, एक माप. सगळ्या भरल्या की खिडकीशी नेऊन प्रत्येकीच्या तोंडात डोकावायचं: पातळी सारखी आहे का? मगच गोळी बसवायची. हलक्या मापाला विशेष जपायचं. जड मापाने पुंगळी काठोकाठ भरते, चुकून दोनदा घातलं तर सांडतं आणि चूक दिसते. हलकं माप दोनदा घातलं तरी आत मावतं. चूक आत गुपचूप बसून राहते.

आणि एक नियम बाकी सगळ्यांच्या वर. भरताना कोणी बोललं, दार वाजलं, हंस गेले, तर उत्तर द्यायचं नाही. मान वळवायची नाही. हात वर करायचा, म्हणजे थांब. मग भरलेल्या सगळ्या पुंगळ्या परत डब्यात ओतायच्या आणि पहिलीपासून सुरुवात. 'अकरावीवर होते' असं वाटणं पुरत नाही. देव जरी दारात येऊन बोलला तरी आधी ओतायचं, झाकण लावायचं, मग दार उघडून देवाला कॉफी विचारायची.

ऑरिनच्या पेटीतल्या गोळ्या आता उपसून काढ. फळीखाली पोकळ डोक्याचा हातोडा असेल, त्यात काडतूस उलटं अडकवून ठोकलं की गोळी सुटते. जी भुकटी निघेल ती पुन्हा वापरायची नाही. नाव नसलेली भुकटी बागेत पसरायची. आमची आई रुबार्बच्या वाफ्याला घालायची, मुठीसारखे आंबट देठ यायचे.

सेल्मर


हेग्लंड रँच
२ जून

प्रिय सेल्मर,

दीड महिना मी ती पेटी उघडली नाही. वीस काडतुसं, प्रत्येकात त्याचा दहा मिनिटांचा श्वास बंद केलेला. रोज उचलायचे, ठेवायचे. शेवटी काल ठोकलं.

मला भीती कशाची होती सांगते. गेल्या शरदात ऑरिन नावं विसरायला लागला होता. कुत्र्याला मेलेल्या कुत्र्याच्या नावाने हाक मारायचा. मला वाटलं, पेटीत गोंधळ निघेल. एकात जास्त, एकात कमी, आणि मला कळेल की तो मला सांगण्याआधीच निघून गेला होता.

वीसच्या वीस सारखी निघाली, सेल्मर. तराजूची दांडी वीस वेळा एकाच रेघेवर येऊन ठरली. मी तिथेच रडले. कडी लावलेली होती.

पण माप अगदीच थोडं. निम्म्याहूनही कमी असेल. गोळीही घरी ओतलेली, मऊ शिशाची. याने हरीण काय, एम्मेट क्विग्लीसुद्धा पडणार नाही. हे कशासाठी? हात बरोबर चालत होता आणि डोकं चुकत होतं का? छत्तीस वर्षं त्या दाराबाहेर उभी राहिले आणि आत शिरल्यावरही बाहेरच आहे.

भुकटी रुबार्बला घातली. पाऊस येऊन गेला. बघू.

एल्विना


अ‍ॅस्टोरिया
१० जून

प्रिय एल्विना,

डोकं चुकत नव्हतं. ते नवशिक्याचं माप आहे. थोडी भुकटी, मऊ गोळी, खांद्याला धक्का नाही, आवाज कमी. आमच्या बापाने आम्हा दोघांना त्यावरच शिकवलं. स्वतःसाठी असलं कोणी भरत नाही. दुसऱ्या कोणाला पहिल्यांदा नेम धरायला शिकवायचं असेल तरच भरतात.

तुमच्या घरात नवशिकं कोण होतं, ते तूच बघ.

कडीबद्दल मला काही सांगता येणार नाही.

सेल्मर


हेग्लंड रँच
७ जुलै

सेल्मर,

'सांगता येणार नाही' आणि 'माहीत नाही' यांत फरक आहे हे मला शाळेत मुलांना बावीस वर्षं शिकवावं लागलं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग फळीवरच्या ऑरिनच्या सगळ्या नोंदवह्या काढल्या. त्याने भरलेली प्रत्येक पेटी त्यांत आहे. सगळ्यात जुनी वही एकोणपन्नासची. पहिलं पान जसंच्या तसं उतरवते.

"२ मे. सेल्मरच्या पेटीतली उरलेली ४७ उपसली. ४६ बरोबर. एक रिकामी, भुकटीच नाही. म्हणजे जी फुटली तिच्यात दोनदा. पोलाद ठीक होतं. भरताना ए. दाराशी आली होती. तिला सांगायचं नाही, असं सेल्मर म्हणतो. मी शब्द दिला. आज दाराला आतून कडी बसवली."

खाली दुसऱ्या शाईने: "रिकामी परत जोडून टांगली."

म्हणून ते हलवलं तरी आवाज नाही.

मला तो दिवस आठवतो. एप्रिल होता, बुटांना चिखल. मी दारात उभी राहून म्हणाले, "ऑरिनने मला लग्नाचं विचारलं आणि मी हो म्हटलं. तुला काय वाटतं?" तू वळला नाहीस. पाठमोराच म्हणालास, "छान झालं." तुझा हात भुकटी घालत राहिला. मला वाटलं, याला काहीच वाटलं नाही. सांगू का, थोडा रागही आला होता. आणि मग तू शहरातल्या इस्पितळात, आणि तिथून परस्पर समुद्राकडे.

छत्तीस वर्षं मी त्या कडीवर रागावले. मला वाटत होतं, तो मला बाहेर ठेवतोय. तो माझी जीभ बाहेर ठेवत होता. आणि त्याला दोष कसा देऊ? माझ्या एका वाक्याची किंमत त्याने पाहिली होती.

आणि दोनदा घातलेलं आत मावलं, म्हणजे माप हलकं होतं. एकच विचारते, खरं सांग. हलक्या मापाची ती पन्नास कोणासाठी होती?

एल्विना


अ‍ॅस्टोरिया
१९ जुलै

प्रिय एल्विना,

तुझ्यासाठी. मे महिन्याच्या सहलीत तुला नेम धरायला शिकवीन असं मी ठरवलं होतं. तुला विचारलं नव्हतं. विचारण्याआधी तयारी पुरी असावी, असा माझा स्वभाव. त्याने माझं किती भलं झालं ते तू पाहतेसच.

चूक तुझ्या वाक्याची नव्हती. पुन्हा वाच: नव्हती. माणसं बोलतातच, दारं त्यासाठीच असतात. मी हात वर करून सगळं ओतायला हवं होतं. पण ओतलं असतं तर वळावं लागलं असतं, वळलो असतो तर तुला माझा चेहरा दिसला असता. म्हणून मी मोजत राहिलो. मोजत होतो असं वाटत होतं. एक सोडली, एकीत दोनदा घातलं. तिसऱ्या बारालाच फुटली.

ऑरिनकडून शब्द घेतला, कारण तुझं लग्न होतं आणि लग्नात कोणी डोळा आहेर देत नाही. त्याने शब्द पाळला. कडी मात्र त्याची कल्पना. ती का लागली, ते मला तुझ्या या पत्रातूनच कळलं.

धुकं तीन दिवस हललेलं नाही. भोंगा वाजतो आणि मी पुंगळ्या मोजतो. अडतीस, एकोणचाळीस. मग कोणीतरी दारात येतं.

सेल्मर


हेग्लंड रँच
१ ऑगस्ट

प्रिय सेल्मर,

म्हणजे दोघा हेग्लंड भावांनी मला नेम धरायला शिकवायचं ठरवलं, छत्तीस वर्षांच्या अंतराने, आणि दोघांनीही ही बातमी मला कळू दिली नाही. तुमच्या आईने रुबार्बला भुकटी घातली, मुलांना दोन शब्द घातले असते तर बरं झालं असतं.

सप्टेंबरात ये. मागच्या खोलीत खाट आहे. मी नवशिक्याचं माप भरते, तू शिकव. रुबार्ब खरंच मुठीसारखा आलाय, मुरांबा करून ठेवते.

एल्विना


टपाल कार्ड, स्पोकेन बस डेपो
२६ सप्टेंबर

एल्विना,

न सांगता निघालो, क्षमा कर. अकरा दिवस फार छान गेले. सोमवारी तू शंभर पावलांवरचा डबा पाडलास, तेव्हा ऑरिन असायला हवा होता. काल मी जे विचारलं ते विचारायला नको होतं. तुझा हात वर झालेला दिसला. उत्तर कळलं. वाईट वाटून घेऊ नकोस, मला धुक्याची सवय आहे. रायफल तेल लावून कपाटात ठेवली आहे.

सेल्मर


हेग्लंड रँच
३० सप्टेंबर

अरे शहाण्या,

हे पत्र मी चार वेळा फाडलं, कारण प्रत्येक वेळी पहिल्याच ओळीत जे शब्द आले ते शाळेत मी मुलांच्या तोंडून काढून टाकायचे.

बुधवारी चार वाजता खिडकीतून ऊन आलं होतं. पन्नास पुंगळ्या उभ्या होत्या. मी मुद्दाम कडी लावली नव्हती. म्हटलं, आता कोणापासून लावायची? मी चौतिसाव्या पुंगळीवर होते. तराजूची दांडी ठरत होती. मागून तुझा आवाज आला, "एल्विना, हंगाम संपल्यावरही मी इथेच राहिलो तर चालेल का?"

मी काय केलं? उत्तर दिलं नाही. मान वळवली नाही. हात वर केला. हे कोणी शिकवलं होतं, सेल्मर हेग्लंड? कोणाच्या अक्षरात माझ्याकडे लिहिलेलं आहे? मग मी तेहतीस पुंगळ्या एकेक करून परत डब्यात ओतल्या. थोडी भुकटी बाकावर सांडली, ती ब्रशने गोळा केली. झाकण लावलं. डबा कपाटात ठेवला. वीस मिनिटं गेली. मग देवाला कॉफी विचारायला मी दारात आले, तर देव टपालाच्या गाडीत बसून गेला होता. पुन्हा कॉफी न पिता.

टपालवाला म्हणाला, "म्हातारबाबा गावापर्यंत एक शब्द बोलले नाहीत." मी म्हटलं, त्यांचे शब्द दर छत्तीस वर्षांनी एकदाच उमटतात.

तू माझा हात पाहिलास, ओतणं पाहिलं नाहीस. एकोणपन्नास साली तू चेहरा दिसू नये म्हणून ओतलं नव्हतंस. मी ओतलं, कारण तू जे विचारलंस ते ऐकून चौतिसावी कुठली आणि पस्तिसावी कुठली हे मला खरंच कळेनासं झालं होतं. याचा अर्थ तुला कळत नसेल तर तुझा दुसरा डोळाही तपासून घे.

ऑरिनची कडी मी काढलेली नाही. काम करताना लावीन. चांगली कडी आहे, प्रेमाने बसवलेली, हे कळायला उशीर झाला एवढंच. पण दाराबाहेर, पश्चिमेच्या भिंतीशी, परवा एक खुर्ची ठेवली. तिथून टेकडी दिसते आणि आतल्या दांड्याचा आवाज ऐकू येतो. ज्याला काही विचारायचं असेल त्याने तिथे बसायचं आणि पन्नास होईपर्यंत थांबायचं. तुला थांबता येतं, तो एक गुण तुझ्यात आहे.

ती पन्नास मी काल पुन्हा भरली, पहिलीपासून. पातळी खिडकीशी नेऊन पाहिली, सगळ्या सारख्या. पेटीवर चिठ्ठी लावली आहे: तारीख, भुकटी, माप, गोळी. शेवटी ऑरिन कधी लिहीत नसे अशी एक ओळ मी घातली: "भरताना बाहेरच्या खुर्चीत कोणी नव्हतं."

चालेल. आता तू वळून बघ.

एल्विना